जुन्या डिझेल पिकअपला आरपीएम मीटर: वायर कुठून घ्यायची आणि काट्यावर विश्वास कधी ठेवायचा

प्रश्न काटोलहून आला आहे. वडिलांची २००६ सालची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. हंगामात संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात, अधूनमधून सौंसरमार्गे छिंदवाड्याला. डॅशबोर्डवर स्पीडोमीटर, डिझेलचा काटा, टेंपरेचरचा काटा आणि दोन-चार दिवे, एवढंच. मुलाने ऑनलाइन आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या फिरतं ते दाखवणारा काटा, मागवला. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, ‘सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हला जोडा.’ डिझेल गाडीत कॉइल कुठून येणार? गावातल्या वायरमनने ती वायर आधी स्टार्टरच्या सोलेनॉइडला लावून पाहिली, काटा जागचा हलला नाही. मग अल्टरनेटरच्या मागच्या एका छोट्या बोल्टला लावली, तर गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी असताना काटा चोवीसशेवर जाऊन बसला. आता विचारणं असं की मीटर खराब निघाला का, आणि एवढी यातायात करण्यात अर्थ आहे का.

भाऊ, मीटर खराब नाही. तुमच्या वायरमनने बोल्टही बरोबर निवडला, आणि तुमचं निम्मं काम तिथेच झालं. तो चोवीसशेचा आकडा चुकीचा असला तरी उगाच आलेला नाही. त्यामागे साधा हिशेब आहे. तो समजला की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधी तोच सांगतो.

पेट्रोल गाडीत प्रत्येक ठिणगीला कॉइलच्या निगेटिव्हवर एक झटका येतो. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पाडतं, म्हणजे एका फेरीला दोन झटके. सहा सिलिंडरला तीन, आठला चार. बाजारातल्या मीटरच्या मागे ४, ६, ८ असा जो छोटा स्विच असतो, तो इतकंच ठरवतो: किती झटके मोजल्यावर एक फेरी धरायची. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. तिथे इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली आणि विजेच्या रूपात आयती मिळणारी गोष्ट एकच, अल्टरनेटर. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला अजून डायनॅमोच म्हणतात.

अल्टरनेटरच्या आत तीन फेजची एसी तयार होते आणि डायोड प्लेट तिची डीसी करून बॅटरीकडे पाठवते. त्या तीनपैकी एका फेजची वायर डायोडच्या आधीच बाहेर काढलेली असते. तो डब्ल्यू टर्मिनल. बहुतेक अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, बारा चुंबकी पोल असतात, म्हणजे अल्टरनेटरच्या एका फेरीत डब्ल्यूवर सहा लहरी येतात. शिवाय इंजिनची पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान, त्यामुळे इंजिन एकदा फिरतं तेव्हा अल्टरनेटर दोनाहून जास्त वेळा फिरतो. समजा खालची पुली १५० मिलिमीटर आणि वरची ७०. म्हणजे २.१४ पट. गुणिले सहा, झाले १२.८ च्या आसपास. इंजिनच्या एका फेरीला जवळजवळ तेरा लहरी.

आता तुमच्या मीटरकडे या. त्याचा स्विच आठ सिलिंडरवर असणार, म्हणजे तो चार झटक्यांना एक फेरी धरतो. येतात १२.८. भागिले चार, ३.२. तुमची गाडी स्लोवर साडेसातशे फिरत असेल तर मीटर दाखवणार ७५० गुणिले ३.२, बरोबर चोवीसशे. पुली तुमच्या गाडीवर थोडी वेगळी असेल, स्लो थोडी कमी-जास्त असेल, पण जुळणी इतकी जवळची आहे की वायर डब्ल्यूवरच लागली याबद्दल मला शंका नाही. मीटर पेट्रोलचा आहे, एवढीच अडचण.

म्हणून पहिला निर्णय मीटरचा. तो परत होत असेल तर परत करा आणि डिझेलचा मीटर घ्या. ‘अल्टरनेटर इनपुट’ किंवा ‘डब्ल्यू इनपुट’ असं स्पष्ट लिहिलेला हवा, आणि मागे स्क्रू फिरवून किंवा बटण दाबून लहरींची संख्या बसवता आली पाहिजे. जनरेटर सेट आणि बोटींसाठी असे मीटर येतात, १२ व्होल्टचा बघून घ्यायचा. स्केल शून्य ते चार हजार असलेला उत्तम. आठ हजारांचा मीटर दिसायला झकास असतो, पण तुमच्या इंजिनचं सगळं आयुष्य त्याच्या खालच्या चाळीस टक्क्यांत जाणार. दोनशे फेऱ्यांचा फरक काट्यावर कळणारच नाही. आणि काट्याचाच घ्या, आकड्यांचा नको. चालवताना आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो. शिवाय मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५ च्या वरही जातो, बंद केबिनमध्ये डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. स्वस्त आकड्यांच्या मीटरची काच अशा वेळी काळी पडलेली मी दर उन्हाळ्यात बघतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, करण्यासारखं आहे का. आहे. त्याचं खरं कारण घाट आहे.

जुन्या डिझेलच्या पंपाला गव्हर्नर असतो. तुम्ही रेस कितीही दाबा, ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे तो डिझेल तोडतो आणि इंजिन वाचतं. त्यामुळे बऱ्याच चालकांना वाटतं, हे इंजिन जास्त फिरूच शकत नाही. सपाट रस्त्यावर ते खरं आहे. उतारावर नाही. सौंसर-छिंदवाडा रस्त्यावरचा सिल्लेवानीचा घाट भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिनला डिझेल फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, गाडीचं वजन बंद करू शकत नाही. ही इंजिनं सव्वातीन हजारांच्या आसपास आपली पूर्ण ताकद देऊन मोकळी होतात. चार हजारांच्या पुढे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेत परत बसवू शकत नाहीत, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, म्हणजे पुश रॉड, वाकतात आणि नशीब वाईट असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. कानाला हे कळतं, पण सवयीच्या कानाला. तुमचे वडील आवाजावरून ओळखत असतील. तुम्ही नवे आहात, काच खाली असते, मागे क्रेट वाजत असतात. तिथे काटा हवा.

पण तो काटा खरा हवा. खोटा काटा नसलेल्या काट्याहून वाईट, हे मी माझ्या हाताने केलेल्या कामातून शिकलो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नागपूरजवळ वाडीला माझ्याकडे एका मालकाची पिकअप आली. डब्ल्यूवरून वायर घेतली, चांगला डिझेलचा मीटर लावला. जुळवताना मात्र मी आळस केला. गाडी स्लोवर ठेवली, स्लो साडेसातशेच असणार असं धरलं आणि मागचा स्क्रू फिरवून काटा साडेसातशेवर आणला. चालकाला सांगितलं, घाटात तीन हजारांच्या खाली ठेव. झालं असं होतं की त्या गाडीची स्लो कुणीतरी आधीच वाढवून ठेवली होती. ती प्रत्यक्षात साडेदहाशेच्या जवळ फिरत होती. म्हणजे मीटर प्रत्येक आकडा कमी दाखवणार, खरा आकडा त्याच्या १.४ पट. तो पोरगा एकोणतीसशेवर काटा ठेवून सिल्लेवानी उतरला, तेव्हा इंजिन चार हजारांच्या वर होतं. दोन पुश रॉड वाकले. गाडी ओढून आणली तेव्हा तो मला म्हणाला, “काका, मी तं काटा तीन हजारावर जाऊच देला नाही.” त्याची काही चूक नव्हती. हेड उघडण्याचा खर्च मी दिला. तेव्हापासून स्लोच्या अंदाजावर मी एकही मीटर जुळवलेला नाही.

जुळवायचं कसं, ते नीट सांगतो. सगळ्यात चांगली रीत फोटो टॅकोमीटरची. हातात धरायचं छोटं यंत्र असतं, लेझरचा ठिपका टाकतं. इंजिन बंद करून खालच्या मोठ्या पुलीवर चमकणाऱ्या पट्टीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिकटवायचा. पुली आधी डिझेलने पुसून कोरडी करा, नाहीतर पट्टी उडून जाते. मग इंजिन सुरू करून, सैल बाह्या आणि गळ्यातला दुपट्टा दूर ठेवून, ठिपका पुलीवर धरायचा. इंजिनच्या खऱ्या फेऱ्या समोर येतात. दुसऱ्या माणसाला रेसवर बसवून १५०० वर स्थिर करायला सांगा आणि मीटरचा काटा १५०० वर आणा. मग २५०० वर नेऊन पडताळा. दोन्हीकडे पन्नासच्या आत फरक असेल तर काम झालं.

मीटरमध्ये लहरींचा आकडा भरायचा प्रकार असेल तर हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर घ्या. १५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५. त्या वेळी डब्ल्यूवर ३२० हर्ट्झ आले तर ३२० भागिले २५, १२.८. हाच आकडा मीटरमध्ये भरायचा. नुसत्या पुल्या मोजून काढलेला आकडा सुरुवातीला ठीक आहे, पण पट्टा पुलीच्या कडेवर बसत नाही, खाचेत आत बसतो, आणि भाराखाली किंचित घसरतोही. म्हणून मोजलेला आकडा नेहमी गणितापेक्षा भरवशाचा.

फोटो टॅकोमीटर कुणाकडे नसेल तर रस्त्यावरही पडताळता येतं. मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक हजार मीटर. टायरला खडूने खूण करा, गाडी भरलेली असताना एक पूर्ण फेरी पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. समजा २.२५ मीटर आलं. हजार भागिले २.२५, चाकाच्या ४४४ फेऱ्या. आता डिफरन्शियलचं गुणोत्तर हवं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. समजा ४.५ आहे. जो गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे गिअरबॉक्समध्ये एकास एक, त्यात इंजिन तेव्हा २००० फिरत असणार. हे माझे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. काटोल रस्त्यावर पहाटे, सपाट पट्ट्यात, बाजूला दुसरा माणूस बसवून करा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही.

आता वायरिंग. मीटरला चार वायरी असतात. लाल वायर इग्निशन चालू केल्यावरच वीज येते अशा लाइनवर, दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजमधून. सतत वीज असलेल्या लाइनवर लावलीत तर उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी खात राहील. काळी अर्थला, आणि ती डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून नको. जिथे मूळ मीटरची अर्थ बांधली आहे तिथेच घ्या. काटा हेडलाइट लावल्यावर हलतो, इंडिकेटरबरोबर उड्या मारतो, अशा तक्रारी घेऊन गाडी येते तेव्हा मी आधी अर्थच बघतो. मीटरच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या लाइनवर. राहिली सिग्नलची.

सिग्नलच्या वायरीवर अल्टरनेटरपाशीच, वीतभर अंतरात, एक अँपिअरचा फ्यूज घाला. हे बहुतेक जण करत नाहीत. ती वायर सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली, कव्हर वितळलं आणि तांबं बॉडीला लागलं, तर अल्टरनेटरची एक फेज थेट अर्थ होते. मग डायोड जातात, कधी वाइंडिंग जळतं. एक छोटा, स्वस्तातला फ्यूज होल्डर तेवढं वाचवतो. वायर एक चौरस मिलिमीटरची पुरे. स्टार्टरच्या जाड केबलला बांधून नेऊ नका, आणि केबिनच्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घालाच. उघड्या पत्र्याची कड दोन हंगामांत वायर कापते.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, बी प्लसवर, चावी बंद असली तरी बॅटरीची वीज असते. पाना तिथून बॉडीला टेकला तर पाना वेल्ड होतो.

डब्ल्यूची खात्री कशी करायची? इंजिन चालू असताना मल्टिमीटर डीसीवर ठेवून त्या बोल्टवर धरा. बी प्लसवर चौदाच्या आसपास असताना डब्ल्यूवर साधारण निम्मं, सात-साडेसात दिसतं. हर्ट्झवर ठेवाल तर रेसबरोबर आकडा चढतो. चार्जिंगच्या दिव्याच्या बोल्टवर मात्र इंजिन चालू असताना बॅटरीएवढंच दिसतं आणि लहरी नसतात. यात गल्लत होऊ देऊ नका.

तुमच्याकडे हा बोल्ट आहे, पण हे वाचणाऱ्या पुष्कळांकडे नसेल. बदललेल्या, रिकंडिशन केलेल्या अल्टरनेटरांना कित्येकदा तो नसतो. मग अल्टरनेटर उघडून काढावा लागतो. स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या वाइंडिंगची, तीन टोकं डायोड प्लेटला जिथे मिळतात, त्यातल्या कुठल्याही एका सांध्यावर वायर डाखायची. तिन्ही वाइंडिंग एकत्र येतात तो मधला सांधा घ्यायचा नाही, तिथली लहर निराळी असते आणि काट्याचा हिशेब लागत नाही. सोल्डरिंगला राळेचा फ्लक्स वापरा, ॲसिडचा नको, तो तांबं खात राहतो. वायर उष्णता सोसणाऱ्या स्लीव्हमधून, रोटरच्या पंख्यापासून लांबून काढा आणि आत वाइंडिंगच्या दोऱ्याने बांधा. हलणारा सांधा सहा महिन्यांत तुटतो, आणि तुटलेलं टोक आत फिरणाऱ्या रोटरला लागलं की सगळाच अल्टरनेटर गेला.

इथे एक गोष्ट फार जपायची. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. अल्टरनेटर काढणं म्हणजे पंपाचा ऑइलचा पाइप आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारा होज काढणं. परत बसवताना वॉशर नवे घाला, होजची क्लिप आवळा. मग इंजिन सुरू करून, गाडी उभीच ठेवून ब्रेक दाबून बघा. पेडल आधीइतकं मऊ खाली गेलं पाहिजे. दगडासारखं कडक लागलं तर व्हॅक्यूम नाही, आणि गाडी तिथून हलवायची नाही. मीटर बसवायला आलेली गाडी ब्रेक बिघडवून परत पाठवणं मला कधीच चालणार नाही, म्हणून हे काम घरी करू नका, ज्याने व्हॅक्यूम पंप पूर्वी काढला आहे त्याच्याकडेच द्या.

अल्टरनेटर उघडायचाच नसेल तर फ्लायव्हीलच्या दातांवर मॅग्नेटिक पिकअप, म्हणजे दात मोजणारा चुंबकी सेन्सर, बसवतात, जनरेटरवर असतो तसा. त्याचा आकडा सगळ्यात अचूक, पट्टा घसरण्याचा प्रश्नच नाही. पण बेल हाउसिंगला भोक पाडून आटे काढावे लागतात आणि अंतर मिलिमीटरच्या आत बसवावं लागतं. एका पिकअप गाडीसाठी तेवढा खटाटोप मी सुचवणार नाही. तुमच्या घरात चार सिलिंडरची पेट्रोलची जुनी गाडी असेल तर तिला मात्र तो ऑनलाइन मीटर उपयोगी पडेल, कॉइलच्या निगेटिव्हवर, स्विच चारवर.

बसवल्यानंतर पहिल्या दिवशी एक गोष्ट दिसेल आणि तुम्ही घाबराल. सकाळी इंजिन सुरू झालं तरी काटा शून्यावर, थोडी रेस दिली की टुणकन उडी मारून जागेवर. मीटरमध्ये दोष नाही. अल्टरनेटरने वीज बनवायला सुरुवात केल्याशिवाय डब्ल्यूवर काही येत नाही, आणि त्याला सुरुवातीची चालना चार्जिंगच्या दिव्यातून मिळते. चावी लावल्यावर तो लाल दिवा पेटतो का, बघा. पेटत नसेल तर बल्ब गेला आहे. बल्ब बदला, काटाही सुधारेल आणि चार्जिंगही.

दुसरं, रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावल्यावर इंजिनचा आवाज तसाच असून काटा खाली आला, तर पट्टा घसरतोय. पावसाळ्यात हे हटकून होतं. अंगठ्याने पट्ट्याच्या मधोमध दाबून बघा, पुस्तकात दिलंय त्याहून जास्त दबला तर ताण द्या, कडा झिजून चकाकत असतील तर पट्टाच बदला. काटा इथे इंजिनच्या आधी पट्ट्याची तब्येत सांगतो, आणि त्याच पट्ट्यावर बहुधा पाण्याचा पंपही चालतो. एप्रिलमध्ये कळमन्याच्या रांगेत इंजिन तापल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मीटर लावायची जागा स्टिअरिंग कॉलमवर, मूळ मीटरच्या डाव्या अंगाला. काचेसमोर उंच नको, तिथे समोरून येणारी मोटरसायकल झाकली जाते. दोन बाजूंनी चिकटणारी टेप आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, पत्र्याचा छोटा क्लॅम्प करून दोन स्क्रूंनी बसवा.

जुळवणी झाल्यावर काचेवर लाल रंगाची बारीक रेघ ३२०० वर ओढा आणि हिरवी १५०० ते २२०० च्या मध्ये. भरल्या गाडीने सपाटीवर हिरव्यात राहा. चढावर काटा पंधराशेच्या खाली जाऊ लागला की गिअर उतरवा, इंजिनला धापा टाकायला लावू नका. सिल्लेवानी उतरताना गिअर वरच्या वळणाआधीच निवडा. काटा २८०० ला पोचला की ब्रेक दाबून तो बावीसशेपर्यंत आणा, ब्रेक पूर्ण सोडा, ड्रमला वारा लागू द्या, पुन्हा २८०० झाले की पुन्हा तसंच. काटा लाल रेघेकडे सरकत असताना क्लच दाबू नका. इंजिनचा धरलेला हात सुटतो आणि गाडी मोकळी धावते.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना वडिलांना शेजारी बसवा. त्यांना आवाजावरून किती वाटतंय ते विचारा आणि मग काटा बघा. जिथे दोघांचं जुळणार नाही, तिथे पुलीवर पट्टी चिकटवून पुन्हा एकदा मोजा.